मनीच्या इन्शुलिनची तीन पाकिटं

मनीला मधुमेह असल्याचं कळलं, त्या दिवशी सरांनी दाराचं कुलूप बदललं.

मी तेव्हा त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होते. विष्णुपुरीकडच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होते, अजूनही आहे. संध्याकाळी परत आले तर सर स्टुलावर उभे राहून नव्या कुलपाला हिसके देऊन बघत होते. चोरी झाली का, असं मी विचारलं.

"अजून नाही," ते म्हणाले आणि खाली उतरले. "ग्रंथपाल, तुम्ही काल मांजराला काही घातलं होतं?"

"नाही सर."

"बिस्किट? तुमच्या चहाबरोबर बिस्किट असतं."

"सर, ती वर येतच नाही."

"ते मला माहीत आहे. तुम्ही काय सांगता ते बघत होतो."

त्यांनी मला नावानं कधीच हाक मारली नाही. शेजारच्या काकू त्यांना मास्तर म्हणत आणि ते काकूंना 'अर्धापूर' म्हणत, कारण काकूंचं माहेर अर्धापूरचं. नावं घेऊन बोललं की भिंतीपलीकडच्याला कळतं कोणाबद्दल चाललंय, असं त्यांचं म्हणणं होतं. भिंतीपलीकडे काकूच राहत होत्या.

सर गणिताचे शिक्षक. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण गावात त्यांची ओळख गणितापेक्षा परीक्षेमुळे जास्त होती. आमच्या भागात दहावी-बारावीच्या दिवसांत शाळेच्या भिंतीवर माणसं चढलेली असतात आणि खिडकीतून चिठ्ठ्या आत जातात. सर ज्या केंद्राचे प्रमुख असत, तिथं हे होत नसे. पेपर सुरू असताना तीन तास ते खुर्चीत बसत नसत. प्रश्नपत्रिकांच्या खोलीला दोन कुलपं असत आणि दोन किल्ल्या दोन माणसांकडे. या कडकपणापायी त्यांच्या स्कूटरची चाकं कितीदा तरी फोडली गेली होती. एकदा दगड आला. त्याची खूण डाव्या भुवईवर होती. बोलताना ते तिच्यावरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "पेपर कधी फुटत नसतो. माणूस फुटतो."

मनी त्याच खोलीत सापडली होती. नोकरीच्या शेवटच्या वर्षी प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यामागे कुठल्याशा मांजरीनं पिल्लं घातली आणि बाकीची घेऊन गेली, ही एक राहिली. सर सांगायचे, "दोन दिवस गठ्ठ्यांवर झोपली होती. एक कोपरा कुरतडला नाही. एवढी सचोटी मी मुख्याध्यापकात पाहिली नाही."

तिला नाव मात्र दहा वर्षं नव्हतं. ते डॉक्टरांच्या दवाखान्यात कागद करताना पडलं. डॉक्टर म्हणाले नाव सांगा, सर म्हणाले मनी लिहा. डॉक्टर हसले, "सर, प्रत्येकाचीच मांजर मनी असते." सर म्हणाले, "म्हणूनच लिहा. ओळख पटायला नको."

हे डॉक्टर देवणीकडचे, आयुष्य गाई-बैलांत गेलेले, आणि शाळेत सरांचेच विद्यार्थी. दहावीच्या परीक्षेत सरांनी एकदा त्यांचे मोजेसुद्धा काढायला लावले होते. काहीच सापडलं नव्हतं. "काहीच न सापडणं हे चांगलं लक्षण नव्हे," असं सर मला त्यांच्या देखत म्हणाले. डॉक्टर नुसते मान हलवत होते. ते म्हणाले, "मॅडम, देवणीच्या वळूला मी बिनधास्त सुई मारतो. त्याला दावं असतं. हिला कुठं बांधू?"

मनीला नुसता मधुमेह असता तर सोपं होतं. तिची मूत्रपिंडं निम्मी निकामी झाली होती, दाढा किडल्या होत्या आणि मागचे पाय अशक्त होऊन ती टाचा टेकून चालायला लागली होती. साखरेला जो आहार चांगला तो मूत्रपिंडाला वाईट, आणि मूत्रपिंडाला चांगला तो ती तोंडात घेत नसे. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला सर तिच्या कानाच्या कडेला सुई टोचून रक्ताचा थेंब काढायचे, माणसांच्याच यंत्रावर साखर मोजायचे, वहीत आकडा लिहायचे आणि मग इन्शुलिन द्यायचे. एक दिवसाआड पडद्याच्या दांडीला सलाईनची बाटली टांगून तिच्या कातडीखाली पाणी सोडायचे. पाणी भरलं की तिच्या खांद्यावर उंचवटा यायचा आणि तो हळूहळू जिरायचा. पहिल्यांदा तो बघून डॉक्टर खूश झाले. "बघा सर, देवणीचं वशिंड आलं."

सर हसले नाहीत. कुणी बाहेर उभं आहे का, ते खिडकीतून बघत होते.

वहीत तारीख, वेळ, साखर आणि डोस असे चार रकाने होते. चौथा रकाना कायम कोरा. मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "तो पाठ आहे."

त्यांनी घरातून साखर काढून टाकली. स्वतःचा चहाही बिनसाखरेचा केला. काकूंनी माहेरची केळी पाठवली तर ती दारातूनच परत गेली. डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं की इन्शुलिन जास्त झालं तर मांजर बघता बघता कोसळतं, तेव्हा ग्लुकोज हाताशी हवं. म्हणून एक डबा फडताळात राहिला. त्यावर सरांनी 'विष' असं लिहून कवटी काढली होती. कवटी फार चांगली आली नव्हती. काकू म्हणाल्या, "मास्तरांनी स्वतःचा फोटू काढलाय की काय."

महालक्ष्म्यांच्या सणाला मोठा प्रसंग झाला. जेवणाच्या दुसऱ्या दिवशी मनीची साखर चारशेच्या वर गेली. सरांनी तिच्या तोंडाचा वास घेतला आणि सरळ काकूंच्या दारात गेले. मी जिन्यात उभी होते.

"अर्धापूर, काल पुरण किती शिजवलं?"

"का, तुमाला कमी पडलं का?"

"मांजराला किती दिलं?"

काकूंनी पदर खोचला. "जिभेला लागलं असंल बोटभर. ती येऊन बसून राहिली दारात, सणाचा दिवस, काय हाकलून देऊ का?"

"लेखी द्या."

"काय लेखी?"

"जबाब. किती वाजता, किती पुरण, कुणाच्या हातानं."

काकू आत गेल्या. काकू मॅट्रिक पास, अक्षर माझ्यापेक्षा बरं. पण त्यांनी कागदावर चार ओळी लिहून खाली कुंकवात बुडवून अंगठा उमटवला. "घ्या. लावा चौकशी. फाशी कधी हाय तेवढं सांगा, मला भाच्याच्या लग्नाला जायचंय."

सरांनी तो कागद घडी करून फाईलला लावला. चार दिवसांनी डॉक्टरांना मनीच्या हिरडीत पू सापडला. साखर त्यामुळं चढली होती, पुरणाचा संबंध फारसा नव्हता. सरांनी काकूंची माफी मागितली नाही. फाईलमधला जबाबही काढला नाही. फक्त त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं 'अंशतः निर्दोष' असं लिहिलं.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी मला खाली बोलावलं. दार लावून घेतलं. टेबलावर खाकी पाकीट होतं, पाठीमागे लाखेचं सील आणि चिकटपट्टीवर त्यांची सही. परीक्षेची पाकिटं असतात तसंच.

"ग्रंथपाल, मला काही झालं तरच हे फोडायचं. आत मनीचा डोस आहे. हे जगात फक्त तुमच्याकडे आहे. फ्रिजमध्ये इन्शुलिनच्या पेटीला कुलूप आहे, त्याची किल्लीही तुमच्याकडे. घराची किल्ली अर्धापूरकडे राहील. एकट्यानं कुणालाच काही करता येणार नाही."

"काकूंना डोस माहीत आहे का?"

"त्यांना पुरण माहीत आहे."

मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. दोन वर्षांत त्या माणसानं माझ्या हातात कपबशीसुद्धा विश्वासानं दिली नव्हती. मी ते पाकीट शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवलं आणि अधूनमधून आहे ना ते बघायला लागले.

सरांची मुलगी लातूरला खाजगी क्लासेसमध्ये जीवशास्त्र शिकवते. सरांना क्लासेसबद्दल फार संशय होता, त्यामुळे तिच्याबद्दलही थोडा. तिनं नवीन फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीला या म्हणून महिनाभर मागं लागली. पत्नी वारल्यापासून सर गावाबाहेर राहिले नव्हते. शेवटी ते निघाले, पण मुक्कामाला नाही. सकाळी लवकर इन्शुलिन देऊन लातूरची गाडी धरायची आणि संध्याकाळी सातच्या आत परत यायचं.

चार वाजता त्यांच्या मुलीचा फोन आला. जेवणाच्या पंगतीतच अण्णा कोसळले होते. हृदयाचा झटका होता. दवाखान्यात नेलं होतं आणि ते बोलत नव्हते. ती रडत होती. मग थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, एक विचारू का? मनीचं कसं करायचं? अण्णांनी मला शप्पथ घातली होती, पण माझ्याकडं एक पाकीट आहे."

मी म्हणाले, "कसलं पाकीट?"

ते वाक्य मला अजून टोचतं. तिचा बाप आत पडला होता आणि मला वाटलं, ही माझ्याकडून काढून घ्यायला बघतेय. त्या घरात राहून ती खोड मलाही लागली होती.

पावणेसातला मी खाली गेले तर काकू किल्ली घेऊन दारात उभ्या. एक हात पदराखाली. आम्ही आत गेलो. मनी दरवाज्यासमोर बसून होती, सकाळचं खाणं तसंच पडलेलं. मी पेटीचं कुलूप काढेपर्यंत काकू माझ्या हाताकडे बघत होत्या.

"किती देणारेस गं?"

"मला माहीत आहे, काकू."

"तुला कसं माहीत? मास्तर म्हणले, वरच्या बाईला काही ठाऊक न्हाई, तिच्यावर नजर ठेवा."

तेव्हा मी पदराकडे पाहिलं. खाकी कोपरा बाहेर आला होता.

"काकू, दाखवा."

"आधी तुझं दाखव."

"आधी तुमचं."

शेवटी दोघींनी पाकिटं फोडून एकदमच कागद टेबलावर ठेवले. माझ्या कागदावर होतं दोन युनिट. काकूंच्या कागदावर दीड. अक्षर सरांचं, सही सरांची. मी लातूरला फोन लावला आणि तिच्या पाकिटात काय आहे ते विचारलं. ती म्हणाली, एक.

मग फोनमधून ती म्हणाली, "म्हणजे अण्णांनी मलापण खोटं सांगितलं."

काकू खाली बसल्या. "तिघींनाबी चोर ठरवलं मेल्यानं," असं म्हणाल्या आणि लगेच जीभ चावून त्यांनी देवाकडं हात जोडले.

मला कळलं ते असं. परीक्षेत एकाच पेपरचे वेगवेगळे संच काढतात, शेजारच्याचं बघून लिहिलं की लगेच पकडता येतं. सरांनी आमचे संच काढले होते. उद्या मनीला कुणी भलतं काही दिलं, तर आकड्यावरून कळावं की कुणाकडून बाहेर गेलं. सगळा बंदोबस्त चोख होता. फक्त आता समोर यंत्रावर चारशे बारा साखर दाखवणारं उपाशी मांजर होतं आणि बरोबर उत्तर माहीत असलेला माणूस लातूरला अतिदक्षता विभागात होता.

बोलावल्यावर डॉक्टर अर्ध्या तासात आले. आम्हाला वाटलं त्यांना तरी माहीत असेल.

"माझ्या कागदावर दोन हाय," ते म्हणाले, "पण ते सुरुवातीचं. नंतर सरांनी मोजून मोजून स्वतःच बदललं. मी विचारायचो, तर म्हणायचे, तुमचा कंपाउंडर बडबड्या आहे." त्यांनी तिन्ही आकडे माझ्या पेनानं तळहातावर लिहिले. "हे बघा, जास्त साखरेनं ती आज मरणार नाही. जास्त इन्शुलिननं काही तासांत मरंल. आणि तिनं खाल्लं नसंल तर कमी डोससुद्धा तिला खाली खेचू शकतो. आधी पोटात काहीतरी जाऊ द्या. मग सगळ्यात लहान आकडा. मग मोजत राहा."

मनी माझ्या हातून खात नव्हती. डॉक्टरांनी वाटी पुढे केली तर तिनं पंजा मारला. वाटीत उकडलेली कोंबडी होती, सरांनी सकाळीच करून ठेवलेली. काकूंच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. त्या उठल्या, हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधली, तोंड दुसरीकडे फिरवलं आणि दोन बोटांत एक तुकडा धरून मनीसमोर बसल्या. "खा माय. पुरण न्हाई आता, हेच हाय." मनीनं बराच वेळ वास घेतला आणि खाल्लं. मग दुसरा तुकडा. काकू तोंड फिरवूनच विचारत होत्या, "गेलं का? गेलं का?"

मी एक युनिट दिलं.

पुढचे तीन दिवस आम्ही त्या वहीत जगलो. मी रजा टाकली. बहुतेक मीच मोजायचे, काकू खाऊ घालायच्या, डॉक्टर म्हशी तपासून येता-जाता डोकावायचे. एकवरून दीड झालं, दीडवरून दोन. सरांची मुलगी दवाखान्याच्या व्हरांड्यातून फोन करायची. मी इकडची साखर सांगायचे, ती तिकडचा रक्तदाब. कधी कधी दोघींचाही गोंधळ व्हायचा की कुणाचा आकडा कोणता. चौथ्या रकान्यात आता डोस लिहिले जात होते, कधी माझ्या अक्षरात, कधी काकूंच्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "अण्णा बोलायचं म्हणतात. डॉक्टरांनी दोनच मिनिटं दिलीत." मी फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

आधी नुसता श्वास ऐकू आला. मग, "ग्रंथपाल. पेपर फुटला का?"

"हो सर."

"कुणी फोडला?"

"तिघींनी मिळून."

मागं कुठलंसं यंत्र टिकटिक करत होतं.

"किती देताय?"

"दोन. साखर अजून तीनशेच्या आसपास आहे."

"कमी आहे."

"मग खरा किती सर?"

"तिथं कोण कोण आहे?"

मला खोटं सांगता आलं असतं. "काकू आहेत. डॉक्टर आहेत. सगळ्यांना ऐकू येतंय."

त्यांनी मुलीला फोन आणखी जवळ धरायला लावला.

"तीन," ते म्हणाले.

"सर, तीन तर कुणाच्याच पाकिटात नव्हता."

"नव्हता. तिघींना खालचेच दिले होते. चुकीच्या हाती पडलं तरी तिचा जीव जायला नको."

"आणि खरा?"

"खरा माझ्याकडं होता की. मी कुठं जाणार होतो?"

काकूंनी फोन ओढून घेतला. "मास्तर, आता गुमान पडा. मांजर जिती हाय. आल्यावर तुमचा जबाब मी घेते, लेखी." पलीकडून काही आवाज आला. मुलगी नंतर म्हणाली, अण्णा हसले असावेत, पण तिला खात्री देता येत नव्हती.

पंधरा दिवसांनी सर परत आले. मुलगी सोडायला आली होती, तिच्याकडे राहायला त्यांनी नकार दिला. बसायच्या आधी त्यांनी मनीला काट्यावर ठेवलं, मग वही मागितली. पहिल्या तीन दिवसांच्या पानांवरून बोट फिरवत एका ठिकाणी थांबले. "हे अक्षर कुणाचं?"

"काकूंचं."

"दीड देऊन चार तासांनी परत मोजली. हे कुणी सांगितलं त्यांना?"

"कुणी नाही. त्यांनाच वाटलं."

त्यांनी पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता हाक आली. मी खाली गेले तर काकू आधीच येऊन बसल्या होत्या. सरांनी इन्शुलिनची बाटली आणि रिकामी सिरिंज माझ्या हातात दिली. मला वाटलं धरायला दिलीय. पण ते वळले, खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मी त्यांची पाठ इतका वेळ कधी पाहिली नव्हती. तीनच्या रेघेपर्यंत औषध ओढलं, काकूंना दाखवलं, त्यांनी मान हलवली. मनीच्या खांद्याची कातडी चिमटीत धरून मी सुई दिली. तिनं फक्त कान हलवला.

"झालं सर."

"मी विचारलं नव्हतं," ते खिडकीतूनच म्हणाले.

त्यांचा स्वभाव बदलला असं मी म्हणणार नाही. त्याच आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की अर्धापूरवर लक्ष ठेवा. काकूंना त्यांनी माझ्याबद्दल काय सांगितलं ते काकूंनी मला संध्याकाळीच सांगितलं.

सर सात महिन्यांनी गेले. दुपारी जेवून खुर्चीत बसले होते. मुलगी मनीला लातूरला न्यायला आली होती, पण पिंजऱ्यात घातल्यावर मनीनं दोन वेळचं खाणं सोडलं, म्हणून तिनंच नको म्हटलं.

मनी आता वर माझ्या खोलीत राहते. तिला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. सलाईन आता रोज लावावं लागतं. डोस अडीचवर आला आहे. तो मला माहीत आहे, काकूंना माहीत आहे आणि लातूरला सरांच्या मुलीलाही माहीत आहे.